गच्चीवरचा किपूर

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी कळलंच नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि चौथीतलंही अर्धं वर्ष मी उमरेडला आईजवळ बसून मागाच्या कांड्या भरल्या. म्हणून आधीच माफी मागून ठेवते. हे कोणी वाचणार नाही, मी कोणाला दाखवणारही नाही, तरी मागते. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझ्या तोंडून पहिली माफीच निघते. लिहितानाही तेच झालं.

लिहायचं आहे ते आमच्या घरमालकांबद्दल. आता ते मुलीकडे ठाण्याला राहायला गेले. आम्ही अजून त्यांच्याच घरात मागच्या दोन खोल्यांत राहतो. माझे मालक शाळेची व्हॅन चालवतात, मी साड्यांना फॉल-पिको करते. घरमालकांना आम्ही काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू.

काका यहुदी. त्यांचे आजोबा कोकणातले, वडील रेल्वेच्या नोकरीत नागपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच बोलत. पण गल्लीत ते कोण आहेत हे कोणाला नीट सांगता यायचं नाही. कोणी त्यांना पारशी म्हणायचं, कोणी ख्रिश्चन. काकांनी कोणाला कधी दुरुस्त केलं नाही. "मी कोण आहो ते मले माहीत आहे," म्हणायचे, "त्यायले सांगत बसलो तर दिवस त्यातच जाईन."

एक गंमत म्हणजे आमच्याशी ते 'मले-तुले' करायचे आणि देवाशी 'मला-तुला'. बाहेरच्या खोलीत उभे राहून मराठी भजन म्हणायला लागले की त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी व्हायची.

ती बाहेरची खोली म्हणजे त्यांच्या लोकांचं प्रार्थनेचं ठिकाण. नागपुरात त्यांची घरं बोटावर मोजण्याएवढी. खोलीत दोन बाकं, लाकडाचं एक कपाट, त्यावर मखमलीचा पडदा, आणि कपाटात त्यांचा पवित्र ग्रंथ, गुंडाळी केलेला. शनिवारी सकाळी पुरुष डोक्यावर टोप्या घालून यायचे. बायका आतल्या खोलीत काकूंजवळ बसायच्या. पुरुष दहा झाले तरच मोठी प्रार्थना सुरू व्हायची. नऊ झाले तर नुसती वाट पाहणं. कोणी स्कूटर लावताना दिसला की काका खिडकीतून हाक मारायचे, "या या, तुमच्यापायी देव थांबून राहिला."

शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ते कोणतं बटण दाबत नसत. दिवा नाही, पंखा नाही, कूलर नाही. दुसऱ्याला दाबायला सांगणंही त्यांच्यात चालत नाही. मे महिन्यात नागपूरला कूलरशिवाय राहणं म्हणजे काय ते नागपूरकरालाच माहीत. मग काका आमच्या दाराशी येऊन उभे राहायचे. कपाळाचा घाम पुसायचे आणि कुठेतरी वर बघत म्हणायचे, "आज उकाडा आहे, नाही?"

मी म्हणायची, "हो काका, आहे." आणि त्यांच्या घरात जाऊन कूलर लावून यायची. ते मागून यायचे, खुर्चीत बसायचे, आणि कूलर आपोआप सुरू झाल्यासारखा चेहरा करायचे. आभार मानायचे नाहीत, कारण मग सांगितल्यासारखं झालं असतं. रविवारी मात्र काकू वाटीभर काहीतरी घेऊन यायच्या.

काकूंची आणि माझी मैत्री चिकावरून झाली. मी उन्हाळ्यात कुरड्यांसाठी गव्हाचा चीक काढायची. काकू त्यांच्या नव्या वर्षाला चिकाचाच हलवा करायच्या, नारळाचं दूध घालून. पहिल्यांदा माझं पातेलं पाहून म्हणाल्या, "अगं, हा तर आमचा हलवा आहे, तू त्याला उन्हात काय घालतेस?" मी लाजून पातेल्यावर झाकण ठेवलं. पुढच्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून गहू भिजवले.

शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की त्यांचा दिवस संपतो. ते तारे पाहायला काका गच्चीवर जायचे आणि गल्लीतली पोरं खालून ओरडायची, "काका, तो पाहा, दिसला." काका मान वर करून शांतपणे सांगायचे, "तो विमानतळाचा लाईट आहे बाबू. मी तुह्या बापालेही हेच सांगत होतो." तिसरा तारा दिसला की मोठ्याने म्हणायचे, "झाला शनिवार." खाली चार घरचे टीव्हीही तेव्हाच लागायचे. बाकीच्यांना कशाची अट नव्हती, पण सवय झाली होती.

आता पाकिटाचं सांगते.

आम्ही राहायला आल्यावर चार वर्षांनी काकूंचं हृदयाचं ऑपरेशन झालं. काकांचे पैसे तेव्हा कुठेतरी अडकलेले होते. काकूंचा धाकटा भाऊ नागपुरातच, दुसऱ्या टोकाला हुडकेश्वरला राहतो, त्याने न विचारता चाळीस हजार रुपये दवाखान्यात भरले. आम्ही सगळे त्यांना हुडकेश्वरचे मामा म्हणायचो. काकू बऱ्या झाल्या, काकांनी हळूहळू पैसे जमवले आणि पाकिटात घालून मामांकडे नेले. मामांनी घेतले नाहीत.

"बहिणीसाठी दिले भाऊजी. बहिणीचे पैसे कोणी परत घेते का?"

"मी नवरा आहो तिचा. बायकोच्या दवाखान्याचं मी पाहीन."

"मग चहा प्या अन् पाकीट खिशात ठेवा."

"चहा नको."

काकांच्या लोकांत किपूर नावाचा एक मोठा उपास असतो. काकू त्याला दार फाळणीचा सण म्हणायच्या. पूर्वी म्हणे त्या दिवशी ते दारं लावून घरातच राहायचे. पांढरे कपडे घालतात, आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि देवाकडे वर्षाची माफी मागतात. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. माफी मागायला एक पूर्ण दिवस, आणि सगळ्यांनी मिळून. पण काकांचं म्हणणं असं की देव फक्त स्वतःचं माफ करतो. "माणसाचं माणसालेच पाहा लागते. कोणाचं देणं डोक्यावर ठेवून मी त्या दिवशी उभा नाही राहू शकत." म्हणून दरवर्षी किपूरच्या आदल्या दिवशी ते पाकीट घेऊन हुडकेश्वरला जायचे आणि पाकीट घेऊन परत यायचे. आणलं होतं, त्याने घेतलं नाही, एवढ्यावर ते वर्ष ढकलायचे. नोटबंदी झाली तेव्हा कोणालाच नको असलेल्या त्या पैशांसाठी काका बँकेच्या रांगेत उभे राहिले. नवं पाकीट केलं.

मग एका वर्षी त्यांनी मामांकडे चहाच्या ट्रेखाली पाकीट सरकवलं आणि निघून आले. तासाभरात मामा स्कूटरवर आले. आत आले नाहीत. फाटकातूनच पाकीट भिरकावलं, आणि ते नेमकं माझ्या गहू भिजवलेल्या पातेल्यात पडलं.

"बहिणीच्या जिवाची किंमत देता मले?" एवढंच बोलून गेले.

नोटा मी धुण्याच्या दोरीवर चिमटे लावून वाळवल्या. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस थांबून पाहायचा. काकू खिडकीत बसून आधी हसल्या आणि मग रडल्या. त्यानंतर काका आणि मामांचं बोलणं बंद झालं. मामांनी शनिवारी येणं सोडलं. काकू बसने भावाकडे जायच्या, काका त्यांना स्टॉपपर्यंत सोडायचे आणि तिथून मागे फिरायचे.

मग कोरोना आला. देवळं, मशिदी, सगळंच बंद झालं, काकांची बाहेरची खोलीही. त्यांच्यातल्या तरुण माणसांनी फोनवर प्रार्थना सुरू केली. बँकेत काम करणारा एक मुलगा होता, सगळ्यांत लहान म्हणून सगळी कामं त्याच्याकडे. त्याने काकांना फोनमध्ये सगळ्यांचे चेहरे दाखवले.

काकांनी नीट पाहिलं. "याचं तोंड कोणत्या दिशेले आहे? अन् याच्यामागे पोळ्या करून राहिली ते कोण?"

"काका, आता असंच करावं लागेल. मुंबईचे लोकही करून राहिले."

"भजन करा, गप्पा करा. मी नाही म्हणत नाही. पण दहा मोजायचे तर माणूस पाहिजे. फोनमधल्या माणसाची सावली नाही पडत."

श्रावणात काकू गेल्या. कोरोना नव्हता, हृदयच थांबलं. पण नियम सगळ्यांना सारखे. दफनाला पाच-सहा माणसं जाऊ दिली. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मामा, दोघांनी माती टाकली आणि एकमेकांकडे न पाहता निघून आले.

गेलेल्या माणसासाठी त्यांच्यात कद्दिश म्हणतात. मी अर्थ विचारला होता. काका म्हणाले, त्यात मरणाचं नावच नाही, सगळी देवाची स्तुती आहे. पण ते एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात. काकूंसाठी ते म्हटलंच गेलं नव्हतं, ना दफनाच्या वेळी, ना नंतर. काका रोज सकाळी पश्चिमेला तोंड करून प्रार्थना म्हणायचे आणि कद्दिशची जागा आली की गप्प उभे राहायचे. भिंतीच्या या बाजूला मला ते गप्प राहणं ऐकू यायचं.

एका शनिवारी पाऊस लागला होता, चांगला गारवा होता, आणि काका माझ्या दाराशी आले. वर बघून म्हणाले, "आज उकाडा आहे, नाही?"

मी म्हटलं, "हो काका, आहे." आत गेले. कूलर तर कधीच उचलून ठेवला होता. मग मी काकूंच्या खोलीतला दिवा लावून आले. काका मागून आले आणि खुर्चीत बसले.

पितृपक्ष संपला, अधिक महिना लागला. किपूर जवळ आला. काका एक दिवस गच्चीवर गेले आणि बराच वेळ इकडच्या तिकडच्या गच्च्यांकडे पाहत राहिले. खाली येऊन म्हणाले, "बाई, एका घरात दहा नाही चालत. पण एकेका गच्चीवर एकेक माणूस उभा राहिला, सगळे एकमेकाले दिसले, आवाज ऐकू आला, तर? पुण्याच्या जाणत्या माणसाले विचारलं मी. तो म्हणते चालीन."

गच्च्या मागायला कोण जाणार? काका म्हातारे, त्यांनी घराबाहेर पडायचं नव्हतं. माझे मालक उमरेडला माझ्या माहेरी अडकले होते. राहिले मी. सोळा वर्षं त्या गल्लीत राहून मी शेजारच्या बाईशी भाजीपलीकडे बोलले नव्हते. पण तोंडाला फडकं बांधलं होतं. खरं सांगते, त्या फडक्यानेच मला बोलता आलं. माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं.

शेजारची बाई दारातूनच म्हणाली, "त्यायची पूजा आमच्या गच्चीवर काहून वं?"

"पूजा नाही ताई. नुसते उभे राहतील, प्रार्थना म्हणतील. काकूंसाठी आहे."

"काकूंसाठी?" तिने दार पूर्ण उघडलं. "माह्या मुंगवड्या वाळून राहिल्या वर. त्यायले पाय नाही लागला पाहिजे."

"नाही लागणार."

"चहापाणी करा लागीन का?"

"उपास राहते त्यांचा. पाणीही नाही."

"साबुदाणाही नाही?"

"नाही."

"मंग कायचा सण आहे बाई हा," ती म्हणाली, आणि गच्चीची किल्ली आणायला आत गेली.

अशा सगळ्या गच्च्या मिळाल्या. समोरच्या मास्तरांनी तर गच्ची झाडून, धुऊन ठेवली. त्या संध्याकाळी गच्ची-गच्चीवरून जो आवाज उठला त्याबद्दल गल्लीतले लोक अजून बोलतात. पांढऱ्या कपड्यातली माणसं, कोणी पाण्याच्या टाकीजवळ, कोणी मुंगवड्यांच्या खाटेशेजारी, आणि खाली सगळी गल्ली दारात येऊन उभी. मास्तर म्हणतात, तसा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नाही. पण तो आवाज उठलाच नसता, अशी वेळ आली होती.

गावात काकांना धरून नऊच पुरुष होते. बाकीचे मुंबईला अडकलेले, एक दवाखान्यात. दहावा माणूस एकच होता, हुडकेश्वरला.

बँकेतल्या मुलाने मामांना फोन केला. मामा म्हणाले, "बहिणीसाठी येतो. त्यांच्या घरात पाय नाही ठेवणार. अन् पाकिटाचं नाव कोणी काढलं तर त्याच पायाने परत." मुलाने येऊन काकांना हे सांगितलं. काका म्हणाले, "येऊ दे. पण आधी पैसे, मग प्रार्थना. या वर्षी तो समोर उभा राहीन अन् त्याचं देणं माह्या डोक्यावर राहीन, तर मी तोंड नाही उघडू शकत."

मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "वहिनी, हे दोघं मिळून काकूंचं कद्दिश होऊ देत नाहीत." त्याचं खरं होतं.

त्या दिवशी रविवार होता. दुपार उतरल्यावर माणसं एकेक करून आली आणि आपापल्या गच्चीवर चढली. मामा सगळ्यात शेवटी आले आणि समोर मास्तरांच्या गच्चीवर गेले. प्रार्थना पश्चिमेकडे तोंड करून म्हणतात, आणि मास्तरांचं घर बरोबर पश्चिमेला. म्हणजे काका देवाकडे पाहणार तर वाटेत मामा.

माणसं त्यांच्यात एक-दोन-तीन करून मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसावर एकेक शब्द म्हणायचा. काकांनी गच्च्यांवरून बोट फिरवत म्हणायला सुरुवात केली. स्वतःवर नववा शब्द आला. मग बोट समोर वळलं आणि हवेत थांबलं. शब्द काही निघेना.

सूर्य मास्तरांच्या टाकीच्या मागे आला होता. तो गेला की त्यांचा सण लागणार, आणि सण लागला की पैशाला हात लावता येत नाही. म्हणजे मग पुढच्या वर्षापर्यंत काही नाही.

मी मागे जिन्याच्या दाराशी होते, काकांनी मला हाक मारली. बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "त्याले सांग, हे जिवाची किंमत नाही. तुह्या बहिणीवर माहा हक्क होता तसा तिच्या दुखण्यावरही होता. तो हक्क तू घेऊन बसला. तो मले परत दे. अन् असंही सांग की..." असं बरंच काही सांगितलं. मी मान हलवत गेले. मनात घोकत जिना उतरले, गल्ली ओलांडली, मास्तरांचा जिना चढले. सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती.

वर पोचले. मामा फक्त दोन हात लांब, पांढरा सदरा, डोळे काकूंसारखे. मला काकांचा एकही शब्द आठवेना. पाकीट मास्तरांच्या कठड्यावर ठेवलं आणि म्हटलं, "माफ करा मामा. त्यांनी खूप सांगितलं होतं, मी विसरले. घेऊन घ्या नं. ते थांबून राहिले."

मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग समोर पाहिलं. काका तसेच उभे होते, बोट अजून हवेत, हात खाली घेत नव्हते.

"म्हातारपणी हात दुखून राहिला असेल त्यांचा," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

मामांनी पाकीट उचललं. "घेतो. पण मोजून घेईन," ते गल्लीपलीकडे ऐकू जाईल असं बोलले. आणि खरंच मोजायला बसले. एकेक नोट, अंगठ्याला थुंकी लावून. कोरोनात थुंकी. खालून कोणीतरी म्हणालं, "मामा, जरा जल्दी करा, सूर्य चालला." मामा म्हणाले, "सूर्याले म्हणा थांब, बारा वर्षं मी थांबलो."

मोजून झाल्यावर त्यांनी एक नोट बाजूला काढली आणि वर धरली.

"भाऊजी, हे पाचशे जास्तीचे आहेत. व्याज देता का मले? आपल्यात आपल्या माणसाकडून व्याज घेणं पाप आहे. आजच्या दिवशी मले पापात पाडता?"

मला वाटलं, संपलं आता.

काका तिकडून म्हणाले, "व्याज नाही बाबा. नोटबंदीच्या वेळी बदलताना गडबड झाली असेल. माणसं मोजण्यात माही जिंदगी गेली, पैसे कुठे मोजता येतात मले."

मामांच्या गळ्यातून हसल्यासारखा आवाज आला. ती नोट त्यांनी माझ्या हातात दिली. "हे त्यांचे त्यायले द्या वहिनी." बाकीच्या नोटा सदऱ्यात ठेवल्या, टोपी सरळ केली आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले. टाकीच्या कडेला अजून सूर्याची एक लाल चकती शिल्लक होती.

"पोचले भाऊजी," मामा म्हणाले. "चाळीस हजार. पूर्ण. ना कमी, ना जास्त."